ऑब्जेक्ट रिलेशन्स थेरपी : बाई सुट्टीवर गेल्या की मला एवढा राग का येतो?

केतकी_स | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांपासून मी एका थेरपिस्ट बाईंकडे जाते आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली पन्नास मिनिटं. आपली पद्धत ‘ऑब्जेक्ट रिलेशन्स’ची आहे असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आता वाटतंय.

गणपतीत त्या सुट्टीवर गेल्या. आधी नीट कल्पना देऊन गेल्या होत्या. तरी मला असा काही राग आला की त्या परतल्यावर पहिल्या वेळेला मी गेलेच नाही. पुढच्या वेळी गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या, “मी इथे नव्हते तेव्हा तुमच्या मनातली मी काय करत होते, ते बघायचं का?” मला उत्तर सुचलं नाही, पण तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

मी ज्या तक्रारीसाठी गेले ती अशी: माझ्या आयुष्यात येणारं माणूस आधी देव असतं, आणि मग कुठल्याशा बारीक गोष्टीवरून एका दिवसात मनातून साफ उतरतं. मैत्रिणींचं तेच, ऑफिसातल्या साहेबांचं तेच, ठरत आलेल्या लग्नाचंही तेच झालं.

विचारायचंय ते हे. हा सिद्धांत नेमका काय म्हणतो? यात शेवटी सगळं खापर आईवरच फुटतं का? माझ्या आईने बँकेतली नोकरी सांभाळून एकटीने आम्हा दोघी बहिणींना वाढवलंय, तिच्याविरुद्ध मी काही ऐकून घेणार नाही. आणि माझ्या अडचणींबद्दल बोलायचं सोडून ‘तुमच्या-माझ्यात काय चाललंय’ हा विषय बाई पुन्हा पुन्हा का काढतात?

सुमेध_ठाणे | रविवार, रात्री १०:४०

केतकी, राग समजू शकतो. पण मला विचाराल तर उत्तर सोपं आहे. कि. मो. फडके सरांमुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजली, आणि तिने मला फार कठीण काळातून बाहेर काढलं आहे. बाईंची सुट्टी ही घटना. ‘त्यांनी मला सोडून जाताच कामा नये’ हा हट्टी विचार. राग आला तो त्या विचारातून. तो तपासा, त्याला आव्हान द्या, राग सौम्य होईल. त्यासाठी पाळण्यापर्यंत मागे जायची गरज नाही.

अनुराधा_नाशिक | रविवार, रात्री ११:३५

मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुमेध, तुमची पद्धत मीही वापरते. पण आपला राग अवास्तव आहे हे केतकीला ठाऊक आहे, आणि तरीही तो आला. या सिद्धांताचं काम तिथून पुढे सुरू होतं.

इथे ऑब्जेक्ट म्हणजे माणूस. ज्याच्याकडे आपली ओढ, भीती, प्रेम, संताप वळतो ते माणूस, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे त्या माणसाची आपल्या मनात घडलेली प्रतिमा. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी शोक आणि विषादावरच्या १९१७च्या निबंधात दाखवलं की गमावलेलं माणूस आपण मनातून जाऊ देत नाही, आतच वसवून घेतो आणि त्याच्यावरचा राग स्वतःवर काढत राहतो. फ्रॉइड यांचा मुख्य भर मात्र सहजप्रेरणांवरच राहिला. आत वसलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे खोलात जाऊन पाहिलं मेलनी क्लाइन यांनी. १८८२मध्ये व्हिएन्नात जन्म, मग बुडापेस्ट, बर्लिन, आणि १९२६पासून लंडन. लहान मुलं कोचावर पडून मनातलं बोलणार नाहीत, म्हणून त्यांनी खेळणी समोर ठेवली: छोटी लाकडी माणसं, गाड्या, कागद, कात्री. प्रत्येक मुलाचा खण वेगळा. मूल कुठल्या बाहुलीला कुणाखाली चिरडतं आणि नंतर तिचं काय करतं, हे त्या पाहत बसत.

त्यातून त्यांनी मांडलं ते असं. भुकेलेल्या तान्ह्याला ‘आई जरा कामात आहे’ हे कळत नाही. पोट भरवणारी ती एक, आणि उपाशी ठेवणारी ती दुसरीच कुणीतरी दुष्ट. दोघींना वेगळं ठेवलं तरच चांगली शाबूत राहते. ही पॅरानॉइड-स्किझॉइड पोझिशन, आणि अशा फाळणीला म्हणतात स्प्लिटिंग. पहिल्या वर्षाच्या मध्याच्या सुमारास बाळाला उमगू लागतं की दोघी एकच आहेत. जिच्यावर दातओठ खाल्ले तीच आपल्याला जवळ घेते. मग दुःख येतं, ‘माझ्या रागाने तिला काही झालं तर नाही ना’ ही टोचणी येते, आणि तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावं ही इच्छाही येते. ही डिप्रेसिव्ह पोझिशन. डिप्रेशन या आजाराशी तिची गल्लत करू नका, क्लाइन यांच्या दृष्टीने ही वाढ आहे. या एकदाच ओलांडायच्या अवस्था नव्हेत. ताण आला की आपण सगळेच पहिलीकडे जाऊन येतो.

केतकी, ‘आधी देव, मग एका दिवसात मनातून साफ’ हे तुमचं वाक्य आता पुन्हा वाचा.

रानवारा | सोमवार, सकाळी ७:०५

म्हणजे डोक्यात एक अख्खी चाळ राहायला असते आणि भाडं आपणच भरतो! :)

अनुराधा_नाशिक | सोमवार, सकाळी ७:५०

चाळ आवडली. त्यातली भांडणंसुद्धा आपल्याच आवाजात चालतात, हेही जोडून घ्या.

रेवा | सोमवार, सकाळी ११:२०

मोठ्या चर्चेत छोटा प्रश्न. माझ्या लेकीची एक गोधडी आहे, तिच्या पणजीच्या जुन्या नऊवारीची शिवलेली. तिचं नाव ‘गोदू’. गोदूशिवाय झोप नाही, गोदूशिवाय गावाला जाणं नाही. एकदा मी ती धुतली तर दोरीवर वाळेपर्यंत पोरगी खाली बसून होती, आणि हातात दिल्यावर वास घेऊन म्हणाली, “ही ती नाहीच.” मैत्रीण म्हणते की कुणा इंग्रज डॉक्टरांनी नेमकं हेच लिहून ठेवलंय. खरं का?

डॉ_शिशु | सोमवार, दुपारी २:४५

रेवाताई, खरं आहे. त्यांचं नाव डोनाल्ड विनिकॉट. मी कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञ आहे आणि हा माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण मनोविश्लेषक असूनही तो शेवटपर्यंत बाळांचा डॉक्टर राहिला. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात त्यांनी सुमारे चाळीस वर्षं काम केलं. तुमची गोदू म्हणजे त्यांचा ‘ट्रान्झिशनल ऑब्जेक्ट’. त्यांनी १९५१मध्ये हा विचार मांडला. गोधडी ना पूर्ण बाहेरची वस्तू, ना पूर्ण मनातली. आई नसताना आईपण टिकवून धरायची मुलाने स्वतः शोधलेली ती जागा आहे. धुतल्याने त्या अनुभवात खंड पडतो, म्हणून शहाणी आई ती मळकट, वासाची राहू देते, हे त्यांनी खरोखर लिहिलं आहे. ती सोडवायची घाईही करू नका. मूल तिला विसरत नाही, तिच्यासाठी शोकही करत नाही. तिचा अर्थ हळूहळू विरतो.

केतकीताईंच्या दुसऱ्या प्रश्नावरही विनिकॉटच सांगतात. ‘बाळ अशी काही गोष्टच नसते’ हे त्यांचं प्रसिद्ध विधान. बाळ म्हटलं की बाळ आणि त्याला सांभाळणारं कुणीतरी. आणि त्या सांभाळणाऱ्याने परिपूर्ण असावं अशी त्यांची अपेक्षा मुळीच नव्हती. ‘पुरेशी चांगली आई’ ही त्यांची कल्पना. सुरुवातीला ती बाळाच्या गरजेशी जवळजवळ तंतोतंत जुळवून घेते, मग बाळाला झेपेल तसतशी कमी पडत जाते. हे कमी पडणं मुलाला लागतंच. त्याशिवाय बाहेर एक खरं जग आहे हे त्याला कळणार कसं?

ओपीडीत नव्या आया दबक्या आवाजात सांगतात, “डॉक्टर, मला कधीकधी बाळाचा राग येतो.” सासू दाराशी उभी असते म्हणून आवाज आणखी खाली. मी त्यांना सांगतो की १९४०च्या दशकात एका मोठ्या डॉक्टरने, म्हणजे याच विनिकॉट यांनी, आईला तान्ह्याचा राग येण्याची अठरा कारणं यादी करून लिहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव पाहण्यासारखा असतो. (झोप उडाली, रडू थांबत नाही, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येतात, असं असेल तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्याला उपचार लागतात, ते थांबवून ठेवू नये.)

मंदाकाकू_वाई | सोमवार, सायंकाळी ६:१०

मी वाचतेय सगळं, पण एक सांगा बाळांनो. या सगळ्या गोष्टींत खोलीत एक आई आणि एक मूल, एवढीच माणसं का? मला आत्याने न्हाऊमाखू घातलं, काकूने भरवलं, आजीच्या कुशीत मी झोपले. आई शेतावर. तिच्याजवळ मी अंधार पडल्यावर जायची. मग माझ्या मनात आत बसलीय ती कोण?

दुसरं. चांगली आई आणि दुष्ट आई हे शोधायला व्हिएन्नाहून कुणी यायला हवं होतं असं नाही. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजतो, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. बाळाचं नशीब लिहिणारी तीच, झोपेत त्याला हसवणारी तीच, आणि बाळाला नेईल म्हणून जिची भीती घालतात तीही तीच. मरीआईचंही तसंच. रोग आणणारी आई, आणि बरं करा म्हणून हात जोडायचे तेही त्याच आईला. आमच्या बायकांनी दोघींना एकाच शेंदरात बसवलंय.

विक्रम_लंडन | सोमवार, रात्री १:३०

मंदाकाकू, तुमचा पहिला प्रश्न अभ्यासकांनीही विचारला आहे. सुधीर कक्कर यांनी १९७८मध्ये भारतीय बालपणाबद्दल लिहिताना आई-मुलातली दीर्घ, दाट जवळीक केंद्रस्थानी ठेवली, आणि पाचेक वर्षांचा झाल्यावर मुलग्याला एकदम पुरुषांच्या जगात ढकललं जातं त्याला जणू दुसरा जन्म म्हटलं. १९९२मध्ये स्टॅनली कर्ट्झ यांनी त्यांच्याशी वाद घातला. एकत्र कुटुंबात मूल एका आईपासून सुटून अनेक आयांच्या गोतावळ्यात ओढलं जातं, तिथली वाढ अशी होते, आणि अनेक देवी शेवटी एकच हा भाव त्यातूनच येतो, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या सटवाईचा परिच्छेद त्यांना नक्की आवडला असता.

मी हॅम्पस्टेडजवळ राहतो. फ्रॉइड १९३८मध्ये नाझींपासून वाचून याच भागात आले आणि पुढच्याच वर्षी वारले. त्यांची मुलगी अ‍ॅना आणि क्लाइनबाई यांच्यात बालमनावरून जो वाद पेटला तो ऐन युद्धात ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेच्या सभांत लढला गेला. क्लाइनबाईंच्या विरोधात सर्वांत कडवट बोलणारी होती त्यांची स्वतःची मुलगी मेलिटा. मनोविश्लेषक मार्गारेट लिटल यांनी अशा एका सभेची आठवण लिहिली आहे: बाहेर बॉम्ब पडताहेत, आत कुणाचं लक्ष नाही, आणि विनिकॉट उठून म्हणतात, हवाई हल्ला चालू आहे हे मला निदर्शनास आणायचं आहे. शेवटी संस्थेत तीन गट झाले. क्लाइनचा, अ‍ॅना फ्रॉइडचा आणि मधला स्वतंत्र गट. विनिकॉट त्या मधल्या गटातले.

भारताशी थेट नातं असलेला मनोविश्लेषक म्हणजे विल्फ्रेड बिऑन. जन्म १८९७, मथुरा. सांभाळणाऱ्या आयाबाईच्या मांडीवर वाढला, आणि आठव्या वर्षी इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत पाठवला गेला. पहिल्या महायुद्धात रणगाड्यावरचा अधिकारी. त्याने पुढे मांडलं की बाळ आपली असह्य भीती आईत ओतून देतं. आई ती सोसते, तिचा अर्थ लावते, आणि पेलवेल अशी करून परत देते. त्या मुलाचं बालपण माहीत असलं की हा सिद्धांत वेगळाच वाचला जातो.

सुमेध_ठाणे | मंगळवार, सकाळी ८:१५

माहिती सुंदर आहे, विक्रम. पण माझी शंका गेली नाही. चार महिन्यांच्या बाळाच्या मनात दुष्ट आई आणि चांगली आई असतात हे क्लाइन यांना कळलं कसं? बाळ सांगायला येत नाही. आणि पुरावा काय, की असे उपचार केल्याने माणूस बरा होतो?

विक्रम_लंडन | मंगळवार, दुपारी १:००

पहिल्या शंकेत दम आहे, आणि ती आतूनच घेतली गेली आहे. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी शिकत असताना क्लाइन त्यांच्या पर्यवेक्षक होत्या. बोल्बींकडे एक अतिचंचल मुलगा होता आणि त्याची आई अत्यंत व्याकूळ असे. तिच्याशी बोलायला क्लाइन यांनी बोल्बींना मनाई केली, कारण महत्त्व मुलाच्या आतल्या जगाला. काही महिन्यांत त्या आईला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. बोल्बी हे कधीच विसरले नाहीत. त्यांनी प्रत्यक्ष विरह, प्रत्यक्ष आई यांचा अभ्यास हाती घेतला आणि त्यातून अटॅचमेंट सिद्धांत, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत, उभा राहिला. १९८०च्या दशकात डॅनियल स्टर्न यांनीही बाळांच्या निरीक्षणांवरून दाखवलं की तान्ह्याला जग आपल्याला वाटतं तितकं गोंधळाचं दिसत नाही.

डॉ_शिशु | मंगळवार, दुपारी ३:१०

बोल्बींच्याच सहकाऱ्याने, जेम्स रॉबर्टसन यांनी, १९५२मध्ये एक माहितीपट दाखवला. दोन वर्षांची मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे आईवडिलांना भेटण्यावर कडक बंधनं. ती फार रडत नाही. तिचं ते स्वतःला आवरणं पाहवत नाही. डॉक्टरमंडळी आधी चिडली, पण ब्रिटनमधल्या १९५९च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलाजवळ राहू द्या अशी शिफारस केली. आपल्याकडे वॉर्डात आई खाटेवर बाळाशेजारीच झोपते. गर्दी होते म्हणून तिला हाकलू पाहणाऱ्यांशी मी अजूनही भांडतो.

अनुराधा_नाशिक | मंगळवार, रात्री ९:३०

सुमेध, पुराव्याबद्दल. ऑटो केर्नबर्ग यांचं नाव इथे यायला हवं. १९२८मध्ये व्हिएन्नात जन्म, लहानपणी नाझींमुळे कुटुंबासह चिलीला जावं लागलं, पुढे न्यूयॉर्क. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाच्या (भावना आणि नाती सतत टोकाला जाणं हा त्रास) मुळाशी स्प्लिटिंग आहे असं मांडून त्यांनी ट्रान्सफरन्सवर, म्हणजे जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टकडे वळतात त्यावर, केंद्रित अशी आखीव उपचारपद्धती बांधली. २००७मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने ९० रुग्णांवर वर्षभराची चाचणी प्रसिद्ध केली. तीन वेगवेगळ्या पद्धतींचा लोकांना उपयोग झाला, आणि केर्नबर्गांच्या पद्धतीने सर्वाधिक बाबतींत फरक पडला. पण २००६मध्ये नेदरलँड्समध्ये तीन वर्षांच्या चाचणीत तिची तुलना स्कीमा थेरपीशी झाली, तेव्हा स्कीमा थेरपी सरस ठरली आणि केर्नबर्गांच्या पद्धतीतून जास्त लोक मधेच निघून गेले. दोन्ही सांगायला हवं. स्कीमा थेरपी तुमच्या विचारतपासणीच्या कुळातली, पण तीही बालपणात जातेच.

आणि हेही सांगते, की हा उपचार प्रत्येकाला आणि प्रत्येक वेळी योग्य नाही. कुणी आत्ता संकटात असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर आधी तातडीची मदत घ्यावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आतली माणसं ओळखायला वेळ लागतो, तो नंतर काढता येतो.

भीमथडी | मंगळवार, रात्री ११:५०

मी अनेक वर्षं एका बालगृहात अधीक्षक होतो. एका गोष्टीचं कोडं मला कधी सुटलं नव्हतं. बापाने चटके दिलेलं पोर. अंगावर खुणा. विचारलं तर म्हणायचं, “मीच लई वंगाळ वागत होतो, म्हणून बाबा मारायचे.” बाप भेटायला आला की धावत जायचं. चांगल्या घरात ठेवलं तर पळून परत त्याच बापाकडे. आमचे काही कर्मचारी म्हणायचे, पोराला मारच गोड लागतो. मला ते ऐकवत नसे.

नंतर एका प्रशिक्षणात एडिनबरोचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांचं नाव ऐकलं. त्यांनी अशाच मुलांबरोबर काम केलं होतं. त्यांचं म्हणणं, माणूस मुळात सुख शोधत नाही, दुसरं माणूस शोधतो. मुलाला आईबापाशिवाय जगणंच शक्य नाही. म्हणून बाप वाईट आहे हे मान्य करण्यापेक्षा ते वाईटपण स्वतःवर घेतं. मी वाईट, बाप चांगला. यात निदान आशा राहते: मी सुधारलो तर बाप प्रेम करेल. बापच सैतान असेल तर कुठेच सुटका नाही. १९४३मध्ये त्यांनी याला नैतिक बचाव म्हटलं.

त्यानंतर मी मुलांना ‘तुझा बाप वाईट आहे’ असं सांगणं बंद केलं, आणि कर्मचाऱ्यांनाही बंद करायला लावलं. त्यांचा बाप आम्ही हिसकावून घेतोय असं त्यांना वाटायचं. आधी कुणीतरी रोज दिसणारं, न मारणारं माणूस मिळालं, की मग ती स्वतःच हळूहळू बोलायची. स्वयंपाकघरातल्या मावशींजवळ सर्वांत जास्त बोलायची. कारण त्या रोज तिथेच असायच्या.

रानवारा | बुधवार, सकाळी ६:४०

भीमथडी, हे वाचून गप्प झालो. तुमचं हे काम अनेकांपर्यंत पोचायला हवं.

नंदिनी_डोंबिवली | बुधवार, सकाळी १०:०५

माझी २६ आठवड्यांची रजा संपतेय. बाळ पाळणाघरात जाणार. घरात रोज ऐकवलं जातंय की मुलाच्या मनावर परिणाम होईल. वरचं सगळं वाचून पोटात गोळाच आला. डॉ_शिशु, खरं सांगा.

डॉ_शिशु | बुधवार, दुपारी २:२०

नंदिनी, या सिद्धांतातून आयांना घाबरवण्याचं काम फार झालंय आणि मला त्याची चीड येते. पाळणाघरात एकाच ठरावीक बाईंकडे बाळ राहील का, बाळांच्या मानाने सांभाळणारी माणसं पुरेशी आहेत का, सुरुवातीला तुम्ही थोडा थोडा वेळ सोबत बसू शकाल का, एवढं पाहा. बालविकासाचे अभ्यासक एड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत तर दिसलं की चांगल्या जोड्यांमध्येही आई आणि बाळ सतत एकमेकांच्या सुरात नसतात. बिनसतं आणि पुन्हा जुळतं. बाळ शिकतं ते या पुन्हा जुळण्यातून. रात्री घरी आल्यावर तुम्ही त्याला उचलून घ्याल ना? आणि बाबा कुठे आहेत या चर्चेत? त्यांनाही उचलून घेता येतं.

मंदाकाकू_वाई | बुधवार, सायंकाळी ५:३०

डॉक्टर बरोबर बोलले. केतकी कुठे गेली? धागा काढून गप्प बसलीय.

मला अजून एक आठवलं. जनाबाई विठोबाला ‘विठ्या’ म्हणून शिव्याशाप देते, त्याच्या बायकोलाही सोडत नाही. आणि तोच विठोबा तिच्या जात्याला हात लावायला येतो. रागावून निघून जात नाही. केतकीच्या रागाचं वाचल्यापासून हे मनात आहे.

अनुराधा_नाशिक | बुधवार, रात्री १०:१५

काकू, केतकीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत. विनिकॉट यांनी १९६८मध्ये न्यूयॉर्कला एक व्याख्यान दिलं, शेवटच्या काही वर्षांतलं. त्यांचं म्हणणं असं की मूल मनातल्या मनात आईला नष्ट करतं. आई जर मोडून पडली नाही आणि तिने सूडही उगवला नाही, तर मुलाला पहिल्यांदा कळतं की ही माझ्या मनाबाहेरची, स्वतंत्र, खरी व्यक्ती आहे. मग तिच्यावर टेकता येतं, तिच्यावर प्रेम करता येतं.

केतकी, तुमच्या मैत्रिणी, साहेब यांना तुम्ही मनातून काढलंत तेव्हा तेही निघून गेले असतील, किंवा तुम्ही परत पाहायलाच गेला नसाल. यावेळी तुम्ही वेळ चुकवलीत आणि नंतर परत गेलात. बाई तिथे होत्या, त्याच खुर्चीत. रुसल्या नाहीत, खचल्या नाहीत. म्हणूनच त्या ‘तुमच्या-माझ्यात काय’ विचारतात. ज्या अडचणीबद्दल तुम्ही तिथे नुसतं बोलला असतात, ती अडचण आता त्या खोलीत प्रत्यक्ष घडते आहे, आणि यावेळी तिचा शेवट वेगळा होऊ शकतो.

सुमेध_ठाणे | बुधवार, रात्री १०:५५

मग थेरपिस्टने नुसतं सोसायचं? हे काही मला पटत नाही.

केतकी_स | बुधवार, रात्री ११:२०

इथेच आहे काकू, रोज वाचतेय.

सुमेध, नुसतं सोसलं नाही त्यांनी. मी न गेलेल्या वेळेचे पैसे घेतले! पहिल्या भेटीतच तसं ठरलं होतं, पण तेव्हा चरफडले होते.

अनुराधा_नाशिक | बुधवार, रात्री ११:४५

ते पैसे घेणं हा उपचाराचाच भाग आहे. तुमची वेळ त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही, ती रिकामी ठेवली. थेरपिस्टला रुग्णाचा राग येतो हे विनिकॉट यांनी मोकळेपणाने लिहिलं, आणि वेळ संपली की सत्र संपवणं यातून तो राग रास्त वाटेने व्यक्त होतो, असंही. चौकट पक्की असते म्हणून आत रागवायला जागा मिळते. आणि सुमेध, जे घडतंय त्याला नाव देणं हा दुसरा भाग. ‘तुमच्या मनातली मी काय करत होते?’ हा प्रश्न म्हणजे तेच.

केतकी_स | गुरुवार, सकाळी ९:०५

त्या प्रश्नाचं उत्तर काल रात्री मिळालं, म्हणजे अर्धं.

माझ्या मनातल्या बाई सुट्टीत कुणाच्या तरी घरी नटूनथटून हसत होत्या. मला पूर्ण विसरून. सगळे त्यांच्याभोवती आनंदात होते. मी हे आईशी जोडून पाहिलं तर जुळेना. आई तर ऑफिसातून दमून यायची.

मग मंदाकाकूंचं ‘आत बसलीय ती कोण’ आठवलं. मी लहान असताना मावशी आमच्याकडे राहायची. आई बँकेत गेली की आम्ही दोघी तिच्याजवळ. मी शाळेत जायला लागले तेव्हा तिचं लग्न झालं आणि ती इंदूरला गेली. घरात मांडव, पाहुणे, सगळे खूश. रडायचं कुणालाच सुचलं नाही, कारण लग्न ही आनंदाची गोष्ट. मला नवीन परकर-पोलकं शिवलं होतं. पुढे मावशी माहेरपणाला आली की मी तिच्याशी बोलायचे नाही, हे घरात अजूनही हसून सांगतात.

भीमथडी | गुरुवार, सकाळी ९:४०

केतकीताई, त्या लहान मुलीला कुणी विचारलंच नाही. आज तुम्ही विचारलंत.

मंदाकाकू_वाई | गुरुवार, सकाळी १०:१५

मावशी आहे ना इंदूरला? मग फोन लाव पोरी. आजच लाव.

अनुराधा_नाशिक | गुरुवार, दुपारी १२:३०

काकू, मी जरा वेगळं सुचवते. आज तिची थेरपीची वेळ असेल तर हे आधी बाईंपुढे जसंच्या तसं ठेवावं, आमची स्पष्टीकरणं न जोडता. फोनवर भेटणारी मावशी आजची असेल, वय झालेली, प्रेमळ, ‘अगं तेव्हा असंच असायचं’ म्हणणारी. केतकीला जिचा राग आहे ती लग्नाच्या मांडवातली मावशी. तिच्यावर रागवायला ती खोली हवी. नाहीतर केतकी फोनवर मावशीची समजूत काढत बसेल आणि राग पुन्हा बाईंच्या पुढच्या सुट्टीची वाट पाहील.

मंदाकाकू_वाई | गुरुवार, दुपारी १२:५०

मला नाही पटत. मावशीलाही त्या दिवशी पोरी सोडून जाताना रडू आलं असेल आणि नव्या नवरीने रडायचं ते आईसाठी, भाचीसाठी नाही, म्हणून तिनेही गिळलं असेल. तिची बाजू कोण ऐकणार?

सुमेध_ठाणे | गुरुवार, दुपारी १:३०

काकूंचा मुद्दा मला भिडला. आणि मी हेही मान्य करतो की ‘हट्टी विचार तपासा’ म्हणून मावशीपर्यंत पोचता आलं नसतं. तरी मला वाटतं, मावशी सापडल्यावर पुढे विचार तपासावा लागेलच: ‘जो जातो तो मला विसरतो’ हे खरं आहे का?

केतकी_स | गुरुवार, दुपारी ३:४०

आज पाचला वेळ आहे. आधी तिथे सांगणार आहे, मांडव, परकर-पोलकं सगळं, आणि पैसे घेतले म्हणून चरफडले तेसुद्धा. काकू, मावशीला रविवारी फोन करते. सुमेध, तुमचा प्रश्न लिहून घेतलाय.